नवरा सोबत असेल तरच

रोवेनाला मी पहिल्यांदा पाहिलं ते डब्लिनच्या विमानतळावर, फेब्रुवारी महिन्यात, पातळ सुती जाकिटात कुडकुडताना. तिच्या शेजारी अनालिन उभी होती आणि अनालिनच्या अंगात जाड लोकरीचा कोट होता. दोघी फिलिपिन्समधल्या इलोइलोच्या, एकाच नर्सिंग कॉलेजातल्या, एकाच एजंटामार्फत मलिंगारच्या आमच्या वृद्धांच्या नर्सिंग होममध्ये लागलेल्या. मीही तिकडचीच, त्यांच्याआधी बारा वर्षं इथे आलेली, म्हणून मेट्रनबाईंनी गाडी घेऊन मलाच पाठवलं होतं. गाडीत बसल्यावर मी रोवेनाला विचारलं की, तुला इथल्या थंडीचं कोणी सांगितलं नव्हतं का.

"सांगितलं होतं, मानांग," ती म्हणाली. "हा कोट आम्ही दोघींनी मिळून बघितला होता. दुकानात एकच उरला होता."

मानांग म्हणजे थोरली बहीण. माझं नाव नेनिंग, पण त्या दिवसापासून दोघींसाठी मी मानांगच झाले.

रोवेना नर्स म्हणून फार चांगली होती, हे आधी सांगायला हवं. ज्या म्हाताऱ्याची शीर कोणाला सापडायची नाही, तिथे मेट्रनबाई तिला बोलवायच्या. हात हलका, डोकं शांत, लिहिलेलं स्वच्छ. दोष एकच. तिच्या मनात एक तराजू कायम टांगलेला असायचा आणि त्याच्या एका पारड्यात ती स्वतः, तर दुसऱ्यात अनालिन. राहण्याच्या जागेत दोन खोल्या होत्या, त्यातली उन्हाची अनालिनला मिळाली. अनालिन कामात रोवेनाच्या मानाने ढिली, पण गायची गोड, त्यामुळे म्हाताऱ्या बायका अंघोळीला तिलाच मागायच्या.  तेव्हा रोवेना चादरी जरा जास्त जोरात झटकायची.

मग दोघींची लग्नं झाली, चार महिन्यांच्या अंतराने. रोवेनाने फिनटन गेराटीशी केलं. तो मलिंगारचाच, आयरिश. शेतांवरून दूध गोळा करणारा टँकर चालवायचा, त्याची एक मावशी आमच्याकडे होती म्हणून रविवारी यायचा. अनालिनने मिरेकशी केलं. मिरेक पोलंडचा, टाईल्स बसवणारा. आमच्या पश्चिमेकडच्या न्हाणीघरांचं काम करायला आला आणि काम संपलं तरी येत राहिला. पुढच्या वर्षी रोवेनाला मुलगा झाला, ओशीन, आणि अनालिनला मुलगी, हानिया. दोघी एकमेकींच्या मुलांच्या धर्ममाता झाल्या आणि आमच्या रिवाजाप्रमाणे एकमेकींना 'कुमारे' म्हणू लागल्या.

त्या काळात तराजू रोवेनाच्या बाजूला चांगला झुकला होता. तिच्याकडे गावाच्या कडेला स्वतःचं घर, मागे शेताचा तुकडा, बाळाला सांभाळायला सासू. बाजारात गेली की निम्मं गाव तिला 'फिनटनची बायको' म्हणून हात करायचं. अनालिन फिश-चिप्सच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत भाड्याने राहायची आणि तिच्या केसांना तळणाचा वास यायचा. रोवेना तिला परसातले बटाटे, सासूने केलेला ब्रेड नेऊन द्यायची. देताना तिचा चेहरा इतका प्रेमळ असायचा की मला जरा भीतीच वाटायची.

हे सगळं बिघडलं ते लिस्बनमुळे.

अनालिन आणि मिरेक चार दिवस लिस्बनला जाऊन आले. सोमवारी जेवणाच्या टेबलावर फोनमधले फोटो दाखवत होती. पिवळी ट्राम, समुद्र, हानियाच्या तोंडाला लागलेली मलई. रोवेनाने सगळे फोटो पाहिले आणि विचारलं की व्हिसाला किती दिवस लागले.

"व्हिसा कसला?" अनालिन म्हणाली. "हे कार्ड दाखवलं."

रोवेनाने खिशातून स्वतःचं इथल्या रहिवासाचं कार्ड काढलं आणि अनालिनच्या कार्डाशेजारी टेबलावर ठेवलं. रंग एकच, आकार एकच. दोघींचे फोटो सारखेच वाईट. फरक काय तो खालच्या बारीक अक्षरांत होता. अनालिनच्या कार्डावर युरोपीय नागरिकाच्या कुटुंबातली म्हणून शेरा होता, रोवेनाच्या कार्डावर नव्हता.

"पण फिनटनही युरोपीयच आहे की," रोवेना म्हणाली.

तिथून पुढे तिने या एका गोष्टीचा इतका अभ्यास केला की मलाही पाठ झालं. मिरेक पोलंड सोडून आयर्लंडमध्ये राहायला आलेला, म्हणजे आपल्या घराबाहेर राहणारा युरोपीय, त्यामुळे त्याच्या बायकोला युरोपचे नियम लागू. ते कार्ड घेऊन ती त्याच्याबरोबर कुठेही जाऊ शकते. फिनटन मात्र स्वतःच्याच देशात राहणारा. त्याच्या बायकोला इथला कायदा. आयर्लंडमध्ये ती त्याची बायको. इथून समुद्र ओलांडला की पहिला प्रश्न, पासपोर्ट फिलिपिन्सचा, मग व्हिसा कुठे आहे. म्हणजे नवऱ्याने जन्मगाव सोडलं नाही हाच त्याचा गुन्हा. मिरेकला हे कळल्यावर तो हसून हसून लाल झाला आणि फिनटनच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "तू पोलंडला ये. टँकर मी मिळवून देतो. मग तुझ्या बायकोला पॅरिस दाखव."

फिनटनही हसला. रोवेना हसली नाही. घरी गेल्यावर तिने त्याला विचारलं म्हणे, की तुला कधीच कुठे जावंसं वाटलं नाही का, तरुणपणी तरी. तो म्हणाला, एकदा लिमरिकला राहिलो होतो आठ महिने.

त्यानंतर अनालिन प्रागला गेली, मग मायोर्काला. फोटो येत राहिले. रोवेना ते धुतलेल्या चादरींच्या खोलीत उभी राहून बघायची, हे मला ठाऊक आहे, कारण दोनदा मी तिथे टॉवेल घ्यायला गेले आणि तिने फोन पटकन एप्रनच्या खिशात टाकला. एकदा म्हणाली, "ओशीन दीड वर्षाचा आहे, मानांग. त्याचा पासपोर्ट कुठेही चालतो. त्याला अजून लंगोट लागतो." स्वतःच्या पोटच्या पोराचाही तिला हेवा वाटत होता आणि ते म्हणताना तिला लाजही वाटत होती.

२०१६च्या उन्हाळ्यात रोमहून डेलियाचा फोन आला. डेलिया या दोघींची कॉलेजातली तिसरी मैत्रीण. ती रोमला एका म्हाताऱ्या बाईला सांभाळायला राहिली होती. तिला उशिराने मुलगा झाला होता, सप्टेंबरमध्ये बाप्तिस्मा होता आणि धर्ममाता म्हणून दोघीही हव्या होत्या. अनालिनने त्याच संध्याकाळी तिकिटं पाहिली. रोवेनाने कागदपत्रं गोळा करायला घेतली.

युरोपीय माणसाबरोबर प्रवास करणाऱ्या बायकोला व्हिसा फुकट मिळतो आणि लवकर मिळतो, हे तिने वाचलं होतं. पण फुकट असला तरी मागायला जावंच लागतं. डब्लिनला वेळ ठरवली, सुट्टी टाकली, फिनटनला टँकरवरून उतरवलं, लग्नाचा दाखला, तिकिटं, त्याचं पत्र, सगळं घेऊन गेले. खिडकीवरच्या मुलीने फिनटनचा पासपोर्ट उघडला तर त्याची मुदत चौदा महिन्यांपूर्वीच संपलेली. तो ड्रॉवरमध्ये पडून होता, त्याने कधी उघडलाच नव्हता. परत आले. 

नवा पासपोर्ट आल्यावर दुसऱ्यांदा गेले. बोटांचे ठसे झाले, फोटो झाला. मुलगी तिकिटं बघत होती. तिने विचारलं, दोघं एकाच विमानाने जाणार ना. रोवेनाने सहज विचारलं की, नवरा दोन दिवस उशिरा आला तर काय. ती मुलगी स्वभावाने बरी होती, नीट समजावून सांगितलं. तुमचा हक्क तुमचा स्वतःचा नाही, नवऱ्यामुळे आहे. तो सोबत असेल तर, किंवा तो आधीच तिथे असेल आणि तुम्ही त्याच्याकडे चालला असाल तर. एकट्या पुढे निघालात तर तुम्ही कोणाच्याच कोणी नाही. कार्डवाल्या बायकांनाही हेच लागू असतं, ती म्हणाली, आणि पुष्कळ जणींना ते माहीत नसतं.

बारा दिवसांनी व्हिसा आला. रोवेनाने पासपोर्टातलं व्हिसा चिकटवलेलं पान मला उघडून दाखवलं. मी म्हटलं, छान झालं. ती म्हणाली, "अनालिनला दाखवलं. ती म्हणाली, अगं, किती सुंदर चिकटवलंय." अनालिन हे चांगल्या मनाने म्हणाली असेल. कदाचित नसेलही. मी तिथे नव्हते.

पुढचं मात्र माझ्यासमोर घडलं. निघायच्या आदल्या आठवड्यात आम्ही तिघी दुपारच्या चहाला बसलो होतो. अनालिनने सांगितलं की, मिरेकला गॉलवेच्या एका हॉटेलचं काम शुक्रवारपर्यंत संपवून द्यायचंय, त्यामुळे गुरुवारी तो येत नाही. तो शनिवारी संध्याकाळच्या विमानाने थेट रोमला येईल. ती आणि हानिया ठरल्याप्रमाणे गुरुवारी रोवेना-फिनटनबरोबरच निघतील. मग ती रोवेनाकडे वळली.

"कुमारे, तू तर सगळं वाचून काढलंयस. माझं कार्ड असं चालेल ना?"

रोवेना ब्रेडला लोणी लावत होती. तिने सुरी कडेपर्यंत नेली, उलटी केली, पुन्हा आणली.

"तुला आजवर कधी कोणी अडवलंय का?" ती म्हणाली.

"नाही बाई," अनालिन म्हणाली.

"मग?"

अनालिन तिच्याकडे क्षणभर बघत राहिली आणि मग चहा प्यायली. खिडकीवरच्या मुलीचं बोलणं मला तेव्हा माहीत नव्हतं, म्हणून मला ते साधं बोलणं वाटलं. नंतर कळलं तेव्हा आठवून पाहिलं, तर खोटं असं रोवेना एक अक्षरही बोलली नव्हती.

गुरुवारी सकाळी ते सगळे, दोन्ही मुलांसकट, विमानतळावर पोचले. युरोपबाहेरचा पासपोर्ट असला की आधी काउंटरवर कागद दाखवून बोर्डिंग पासवर शिक्का घ्यावा लागतो. रोवेना पुढे झाली. बाईने पान उघडलं, व्हिसा पाहिला, फिनटनकडे पाहिलं, शिक्का मारला. मग अनालिनने पासपोर्ट आणि कार्ड ठेवलं, जसं ती नेहमी ठेवायची. बाईने विचारलं, तुमचे यजमान कुठे आहेत.

अनालिनने सांगितलं, शनिवारी येतायत.

बाईने कार्ड परत सरकवलं. तिने फोन करून वरच्या साहेबाला विचारलं, त्यानेही तेच सांगितलं. नवरा सोबत नाही आणि रोमलाही नाही, तर या कार्डाचा उपयोग नाही. व्हिसा असेल तर दाखवा. अनालिनने लिस्बनचं सांगितलं, प्रागचं सांगितलं. फिनटन मध्ये पडला. तो बाईला म्हणाला, "मी युरोपीय आहे आणि ही माझ्यासोबत आहे. चालणार नाही का?"

"तुमचं हिच्याशी लग्न झालंय का?" बाईने विचारलं.

"नाही."

"मग नाही चालणार," ती म्हणाली, आणि मागचा माणूस हसला.

हानियाला काय झालं ते कळलं नाही, पण आईचा आवाज बदललेला तिला कळला आणि ती रडायला लागली. फिनटनने बायकोकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "तुला हे माहीत होतं?"

रोवेना म्हणाली, "विमानाचं दार बंद होईल. उशीर होतोय."

अनालिनने त्यांना जायला सांगितलं. मुलीला कडेवर घेऊन, बॅग ओढत ती बसच्या थांब्याकडे गेली. मिरेकने गॉलवेहून शनिवारच्या विमानात तिच्यासाठी जागा शोधली, पण ते भरलेलं होतं, आणि रविवारी सकाळचं विमान बाप्तिस्मा उरकल्यावर पोचणारं. मग त्यानेही जायचं रद्द केलं.

रोम रोवेनाने पाहिलं. इतके दिवस ज्याची आस धरली होती ते समोर होतं, आणि तिला त्यातलं काय आठवतं असं विचारलं तर ती म्हणते, अनालिन. कारण डेलियाच्या घरी पाय ठेवल्यापासून विषय तोच. डेलिया गळ्यात पडून रडली ती अनालिनसाठी. शेजारच्या फिलिपिनो बायका आल्या, त्यांनी विचारलं की ती बिचारी मुलीला घेऊन एकटी परत गेली का गं. डेलियाच्या नवऱ्याने अनालिनसाठी व्हिडिओ काढायला घेतला आणि त्यात रोवेनाला म्हणायला लावलं की, कुमारे, तुझी फार आठवण येते. अनालिन न येताही सगळा भाव खाऊन गेली होती.

रविवारी चर्चमध्ये आणखी पुढचं झालं. धर्ममाता हजर नसली तर तिच्या नावाने दुसरी कोणी उभी राहते. डेलियाने रोवेनालाच सांगितलं, तूच रहा, तुमच्या दोघींत काय वेगळं. तेव्हा रोवेनाने दोन हातांत दोन मेणबत्त्या धरल्या. पाद्र्याने आधी अनालिनचं नाव वाचलं, आणि रोवेनाला 'हो' म्हणावं लागलं. मग तिचं स्वतःचं नाव वाचलं, तेव्हाही 'हो' म्हणाली. ती मला सांगत होती की, उजव्या हातातल्या मेणबत्तीचं मेण बोटांवर सांडलं, ती अनालिनची होती, आणि माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं माहितेय का मानांग, की इथेही हिचीच भाजते मला.

जेवायला पान्सितच्या शेवया होत्या, इटालियन खाटकाकडचं भाजलेलं डुक्कर होतं. ती सगळ्यांना वाढत राहिली. फिनटन दोन दिवस तिच्याशी हवापाण्यावरच बोलला. परतीच्या विमानात त्याने पुन्हा तोच प्रश्न विचारला आणि तिने 'हो' म्हटलं.  ओशीनला त्याने तिच्या मांडीवरून स्वतःच्या मांडीवर घेतलं, एवढंच.

मंगळवारी आमची दोघींची सकाळची शिफ्ट होती. तीनला सुटल्यावर ती म्हणाली, कालव्यापर्यंत चालत येता का. तिथे बाकावर बसून तिने मला हे सगळं सांगितलं, खिडकीवरच्या मुलीपासून मेणबत्तीपर्यंत. रडली नाही. हिशोब देतात तसं एकेक सांगत गेली. शेवटी म्हणाली, "मला वाटलं होतं, एकदा तरी तिला कळू दे, दारात उभं करतात म्हणजे काय. बस, एवढंच हवं होतं. हानियालाही परत फिरावं लागेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही."

मला तिचा राग आला होता आणि कीवही येत होती. मी म्हटलं, "मला सांगून काय उपयोग? विमानतळावरून मी थोडीच परत आलेय."

ती त्याच संध्याकाळी चिप्सच्या दुकानावरच्या खोल्यांत गेली. मिरेक घरी नव्हता. अनालिन हानियाला भरवत होती. रोवेनाने उभ्या उभ्याच सांगितलं की मला नियम माहीत होता. अनालिनने चमचा खाली ठेवला नाही.

"मला कळलं होतं," ती म्हणाली.

"काय?"

"टेबलावरच कळलं होतं. तू एकाच ब्रेडला तीनदा लोणी लावलंस. तुला काहीतरी माहीत आहे हे मला दिसत होतं. मी पुन्हा विचारलं असतं तर तू सांगितलंही असतंस."

"मग विचारलं का नाहीस?"

"तुझ्या तोंडून 'चालणार नाही' ऐकायचं नव्हतं मला," अनालिन म्हणाली. "ते म्हणताना तुझा चेहरा कसा झाला असता ते मला माहितेय. बटाटे देताना होतो तसा."

मग तिने आणखीही सांगितलं. की मायोर्काचे फोटो कोणी बघावेत म्हणून ती टाकायची. की मिरेकची आई तिच्याशी फोनवर बोलत नाही. की फिनटनची आई ओशीनला कडेवर घेऊन बाजारातून जाते तेव्हा ती खिडकीतून बघत असते, आणि एकदा तिने पडदाच ओढून घेतला होता. हे सांगितलं म्हणून दोघी गळ्यात पडल्या, असं काही झालं नाही. अनालिनने मुलीचं तोंड पुसलं आणि म्हणाली, जा आता, हिला झोपवायचंय.

त्या दिवसापासून 'कुमारे' बंद झालं. अनालिन तिला रोवेना म्हणू लागली, आम्ही परक्या माणसाला म्हणतो तसं पूर्ण नावाने. शिफ्टचा ताबा देताना, खोली चार, रक्तदाब ठीक; खोली नऊ, रात्री दोनदा उठल्या; सही. मधे मी होते, मेट्रनबाई होत्या, म्हातारी माणसं होती, म्हणून दिवस निघत होते. फिनटन महिनाभराने पूर्वीसारखा बोलायला लागला. अनालिनला मात्र वर्षभर लागलं, आणि तरी 'पूर्वीसारखं' म्हणता येणार नाही. दोघी मुलांना घेऊन बागेत जायच्या, मुलं खेळायची, या दोघी एकाच बाकाच्या दोन टोकांना.

२०१७ संपता संपता मिरेकने पोलंडला परत जायचं ठरवलं. त्याच्या वडिलांनी जमिनीचा तुकडा दिला होता, तिथे घर बांधायचं होतं. अनालिनला इथली पाच वर्षं भरायला तीन महिने उरले होते. भरली असती तर आयरिश नागरिकत्वाचा अर्ज तिलाही करता आला असता. पण मिरेकला जानेवारीतच पाया खणायचा होता. निरोपाच्या दिवशी रोवेनाने केक आणला. अनालिनने एक तुकडा खाल्ला, ओशीनच्या डोक्यावरून हात फिरवला आणि गेली. रोवेना मला म्हणाली, सुटले एकदाची. पंधरा दिवसांत ती अनालिनच्या नव्या घराच्या पायाचे फोटो शोधत होती.

पुढच्या वर्षी रोवेनाला नागरिकत्व मिळालं. आयरिश माणसाच्या बायकोला तीनच वर्षं पुरतात, अर्जाला वेळ लागला तो वेगळा. किलार्नीच्या मोठ्या सभागृहात शेकडो माणसांबरोबर तिने शपथ घेतली. फिनटन टाय लावून आला होता, सासू टोपी घालून, आणि मी होते. तिने फोटो टाकला. परतीच्या वाटेवर गाडीत दर दहा मिनिटांनी ती फोन बघत होती. इलोइलोच्या निम्म्या गावाने अभिनंदन केलं. अनालिनने नुसता अंगठा दाबला होता. "एक शब्द लिहायला काय झालं होतं हिला," रोवेना म्हणाली, आणि तिच्या सासूने विचारलं की कोणाबद्दल बोलतेय ही.

२०१९च्या वसंतात मी निवृत्त व्हायची होते. मेट्रनबाईंनी चर्चच्या हॉलमध्ये जेवण ठेवलं, आणि मी अनालिनला कळवलं की तू यायलाच हवंस. चार दिवसांनी तिचा फोन मला न येता रोवेनाला गेला. वर्षभरातला पहिला फोन.

"मला व्हिसा लागतोय," अनालिन म्हणाली. "माझं इथलं कार्ड आयर्लंडला चालत नाही. मिरेक आता स्वतःच्या घरी आहे ना."

रोवेनाने मला प्रामाणिकपणे सांगितलं की ते ऐकताना तिच्या तोंडात साखर विरघळली. तिने ते वाक्य तिच्याकडून पुन्हा वदवून घेतलं, ऐकू नीट आलं नाही असं सांगून. पलीकडून अनालिनने ते पुन्हा म्हटलं, तितक्याच शांतपणे. मग रोवेना म्हणाली, थांब, कागद घेते.

ती तीन संध्याकाळी बसून लिहीत होती. कुठले दाखले, कशाचं भाषांतर, कुठली प्रत खरी लागते आणि कुठली झेरॉक्स चालते, पत्रात काय लिहायचं, खिडकीवर काय विचारतात. सहा पानं झाली. पाठवायच्या आधी फिनटनने ती वाचली आणि विचारलं की काही राहिलं तर नाही ना. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, काही राहिलेलं नाही. नंतर अनालिनचे फोन येत राहिले, एकेका कागदासाठी, आणि कधी कधी कागदाचं बोलणं संपल्यावरही चालू राहायचे. व्हिसा आला तेव्हा अनालिनने त्याचा फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, किती सुंदर चिकटवलंय बघ. रोवेना ते वाचून इतकी हसली की तिला खुर्चीवर बसावं लागलं.

जेवणाच्या दिवशी अनालिन आली, मिरेकबरोबर, हानियाबरोबर. माझं कौतुक झालं, केक कापला, भाषणं झाली, मी रडले. मग मी बघितलं तर दोघी कोपऱ्यातल्या टेबलाशी बसून फोनमध्ये पोलंडचं घर बघत होत्या. रोवेना एकेक फोटो दोन बोटांनी मोठा करून बघत होती. फरशीचे सांधेसुद्धा.

थोड्या वेळाने मी कप ठेवायला आत गेले, तर ती मोरीपाशी उभी होती, नळ सुरू ठेवून.

"दोन मजले आहेत, मानांग," ती म्हणाली. "वरच्या मजल्यावर दोन बाथरूम. सगळ्या टाईल्स त्याने स्वतः लावल्यात. आमच्या फिनटनला मी गेल्या नोव्हेंबरपासून एक नळ बदलायला सांगतेय."

मी म्हटलं, तू सुधारणार नाहीस. ती म्हणाली, नाही. तिने हात पुसले, दोघींसाठी चहा ओतला, आणि बाहेर जाऊन अनालिनला म्हणाली की तो स्वयंपाकघराचा फोटो पुन्हा दाखव, मघाशी नीट पाहिला नाही.